बाबांना शिडाचं जहाज दाखवायला नेलं त्याची गोष्ट

नोव्हेंबरच्या शेवटी ऑफिसच्या ग्रुपवर एकीने फोटो टाकला, काळं जहाज, अंगावर दोन पांढरे पट्टे, तीन उंचच उंच डोलकाठ्या, आणि खाली लिहिलेलं की इटलीच्या नौदलाचं आमेरिगो वेस्पुची मुंबईत येतंय, 28 नोव्हेंबर ते 2 डिसेंबर 2024, आणि लोकांना वर जाऊन बघता येणार आहे. फुकट. फक्त आधी ऑनलाइन स्लॉट घ्यायचा. मला जहाजांतलं काही कळत नाही, पण आमच्या घरात ज्याला कळतं तो माणूस गेली कित्येक वर्षं गॅलरीत बसून समोरच्या बिल्डिंगचं प्लास्टर पडताना बघत असतो, म्हणून म्हटलं चला, बघू.

बाबा 1947 चे. मालवणजवळचं गाव. 1962 साली म्हणजे पंधराव्या वर्षी चुलत्याच्या गलबतावर भंडारी म्हणून चढले, भंडारी म्हणजे जेवण करणारा पोऱ्या, आणि मग खलाशी झाले. मंगलोरी कौलं, मीठ, लाकूड असला माल घेऊन मुंबईला यायचं, नारळी पौर्णिमेनंतर सुरू करायचं आणि पावसाच्या आत गलबत किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवायचं. इंजिनं आली, तशी शिडं गेली, बाबा 1970 च्या आसपास मुंबईत गोदीत लागले आणि साठाव्या वर्षी तिथूनच रिटायर झाले. एवढं सगळं मला माहिती आहे पण ते असं, बायोडेटासारखं. गलबतावर काय करायचे, वाऱ्यात काय व्हायचं, भीती वाटायची का, हे आम्ही कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आईला तो विषय आवडायचा नाही, तिचा मामा समुद्रात गेला होता.

तर स्लॉट. रात्री साडेअकराला लॅपटॉप घेऊन बसले. साइट उघडली तर बहुतेक वेळा भरलेल्या, एखादा स्लॉट दिसायचा, नाव टाकेपर्यंत गायब. असं चार-पाच वेळा झाल्यावर शनिवारी दुपारचा एक मिळाला, मी, बाबा आणि माझा मुलगा, तो सहावीत आहे. नाव ओळखपत्रावर आहे अगदी तसंच टाका असं लिहिलेलं, आणि इथे गोची अशी की बाबांच्या आधारवर त्यांच्या वडिलांचं नाव अर्धंच छापलंय, ते दुरुस्त करायचं म्हणून आम्ही 2016 पासून म्हणतोय. मी आधारवरचंच चुकीचं नाव टाकलं. बरोबर केलं ते नंतर कळलं, कारण आमच्या पुढच्या काकांनी स्वतःचं खरं नाव टाकलं होतं आणि कार्डावर वेगळं, त्यांना बाजूला उभं करून दहा मिनिटं चर्चा चालली होती. कुठेही जायचं असेल तर हे लक्षात ठेवा, खरं नाव नाही, कार्डावरचं नाव.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "जहाज बघूक? तीस-पस्तीस वर्सां जहाजांच बघलंय मगे मी." मी म्हटलं बाबा शिडाचं आहे. मग थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खऱ्या शिडाचा? काय नुसता शोभेचा?" मी फोटो दाखवला, त्यांनी चष्मा लावून फोन डोळ्यांजवळ नेला, दोन बोटांनी मोठा करायला त्यांना येत नाही म्हणून मुलाने करून दिला, आणि ते जहाज नाही, तर दोर बघत होते. कुठला दोर कुठून कुठे जातो ते. मला तेव्हा ते कळलं नाही, मला वाटलं दिसत नाहीये.

शनिवारी डोंबिवलीहून निघालो. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट, छत्री (नोव्हेंबरात, पण छत्री म्हणजे काठी, काठी म्हटलेलं त्यांना चालत नाही) आणि पिशवीत पाण्याची बाटली. सीएसएमटीहून टॅक्सी केली. बंदराच्या गेटवर एका सुरक्षावाल्याने सांगितलं इथून नाही तिकडून, तिकडच्याने सांगितलं कोण बोललं, तिथूनच, असं करत आम्ही उन्हात अर्धा तास भिंतीच्या कडेने चाललो. मी चिडले. बाबा अजिबात चिडले नाहीत, ते मुलाला दाखवत होते ही शेड, इथे कापसाच्या गाठी उतरायच्या, इथे क्रेनखाली एकदा अमुकाचा पाय गेला, इथे चहा मिळायचा. ज्या गोदीत पस्तीस वर्षं पास दाखवून बिनधास्त शिरायचे तिथे आता आधार दाखवून, बॅग उघडून, रांगेत. त्यांना त्याचं काही वाटलं असेल तर दिसलं नाही. एका पोरगेल्या गार्डला फक्त म्हणाले, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून येतोय, तो "हो का आजोबा" म्हणून हसला आणि तरी बाटलीतलं पाणी पिऊन दाखवायला लावलंच.

रांग मोठी होती. कॉलेजची पोरं, कॅमेरेवाले, सोसायटीतल्या बायकांचा एक पूर्ण ग्रुप, एनसीसीच्या गणवेशातल्या मुली, आणि लहान पोरं घेऊन आलेले आमच्यासारखे. शेडच्या पलीकडून आधी डोलकाठ्याच दिसल्या. मधली डोलकाठी 54 मीटर, म्हणजे सतरा-अठरा मजली बिल्डिंग धरा, आणि आडव्या काठ्यांवर शिडं गुंडाळून इतकी घट्ट बांधलेली की नीट इस्त्री करून ठेवलीत असं वाटावं. बाबा थांबले, मागचा माणूस त्यांना धडकला. "सगळा बांधून ठेवल्यानी," म्हणाले, थोडं हिरमुसून. बंदरात शिडं उघडी ठेवत नाहीत हे त्यांच्याइतकं कुणाला माहिती असणार, पण तरी मनात असेल की उघडलेली दिसतील.

पुढे सरकताना मुलाने फोनवरून वाचून दाखवलं. 1931 सालचं जहाज, 22 फेब्रुवारीला पाण्यात सोडलं, नेपल्सजवळच्या कास्तेल्लामारे दि स्ताबियाच्या गोदीत बांधलेलं. पुढच्या लांब सोट्यासकट 101 मीटर. याचं एक थोरलं भावंड होतं, क्रिस्तोफोरो कोलोंबो, ते दुसऱ्या महायुद्धानंतर भरपाईत रशियाला द्यावं लागलं. अंगावरचे दोन पांढरे पट्टे म्हणजे जुन्या लढाऊ जहाजांवर तोफांच्या दोन रांगा असायच्या त्यांची आठवण. ज्याच्या नावावरून जहाजाचं नाव तो वेस्पुची म्हणजे ज्याच्या नावावरून अमेरिकेचं नाव पडलं तोच. मुलगा म्हणाला मग कोलंबसचं जहाज रशियाला गेलं आणि अमेरिकावाला इटलीत राहिला, असं कसं. मला उत्तर आलं नाही.

आता जिना. जहाजावर चढायचा तो फळीचा जिना हलतो, आणि बाबांच्या गुडघ्याचं मला टेन्शन होतं. वरच्या टोकाला पांढऱ्या गणवेशातली एक मुलगी उभी होती, पंचविशीची असेल, प्रत्येकाला "नमस्ते" म्हणत होती, ते "नामास्ते" होत होतं. तिने बाबांना बघून दोन पायऱ्या खाली येऊन हात पुढे केला. बाबांनी छत्री माझ्याकडे दिली, मान हलवून नको म्हटलं आणि चढले. कसे चढले ते सांगते, कारण मी त्यांना घरात रोज बघते, दोन मजले चढताना तीनदा थांबतात. इथे पावलं जराशी बाहेर वळवून, गुडघे सैल सोडून, दोराला हात नुसता लावत, धरत नाहीत, जिना खाली गेला की थांबायचं, वर आला की पाऊल टाकायचं. त्या मुलीची नजर त्यांच्या पायांवर गेली. मग ती आपल्या बाजूच्या माणसाला काहीतरी म्हणाली आणि त्यानेही बघितलं. वर पोचल्यावर तिने बाबांना "मारिनाइयो?" असं विचारलं. आम्हाला कळलं नाही, मग ती म्हणाली सेलर, सेलर? मी म्हटलं येस, लाँग बॅक.

डेकवर गर्दी आणि सगळं लख्ख. पितळ असं घासलेलं की आपलं तोंड दिसावं. खाली जायला परवानगी नव्हती, वरच्या डेकवरच एका बाजूने जायचं, दुसऱ्या बाजूने यायचं, मधे मधे नौसैनिक उभे, काही विचारायचं असेल तर विचारा. आणि इथे मला जरा राग आला खरं सांगायचं तर. नव्वद टक्के लोक त्या मुलांना पुठ्ठ्याच्या कटआउटसारखं वापरत होते. खांद्यावर हात, फोटो, चला पुढचा. एकाला तर दोघींनी अक्षरशः दंडाला धरून उन्हातून सावलीत ओढलं, उजेड बरोबर नाही म्हणून. ते बिचारे हसत होते, प्रत्येक फोटोत तेच हसू, चार दिवस हेच करायचंय त्यांना. भाषा हा प्रश्न आहेच, त्यांचं इंग्रजी तुटकं, आपलंही तेवढंच, पण फोटो काढून झाल्यावर एक प्रश्न तरी विचारावा माणसाने. आमच्या चिरंजिवांनी विचारला, तुम्हाला बोट लागते का, म्हणजे उलट्या होतात का. तो नौसैनिक इतका खूश झाला. म्हणाला प्रत्येक वेळी, पहिला दिवस, प्रत्येक वेळी, आणि पोटावर हात ठेवून ॲक्टिंग करून दाखवली. मग त्याने सांगितलं की 1 जुलै 2023 ला जेनोवाहून निघालेत, ब्युनोस आयर्स, मग खाली केप हॉर्नला वळसा, लॉस एंजेलिस, टोकियो, डार्विन, सिंगापूर, आणि आता इथे. तो स्वतः सगळा वेळ नव्हता, माणसं बदलतात मधे. केप हॉर्नला तो होता का ते विचारलं तर म्हणाला नाही, आणि चेहरा असा केला की बरं झालं आणि वाईट झालं दोन्ही.

एका ठिकाणी त्यांचा एकजण घोळक्याला तो प्रसिद्ध किस्सा सांगत होता, भूमध्य समुद्रात अमेरिकेच्या इंडिपेंडन्स नावाच्या विमानवाहू जहाजाने दिव्याने खुणा करून विचारलं तुम्ही कोण, यांनी सांगितलं शिकाऊ जहाज आमेरिगो वेस्पुची, इटलीचं नौदल, तर तिकडून उत्तर आलं, तुम्ही जगातलं सगळ्यात सुंदर जहाज आहात. हे 1962 साली. मुलाने माझ्याकडे बघितलं, मग आजोबांकडे. आजोबा तिथे नव्हतेच.

मला धस्स झालं. शोधलं तर ते मधल्या डोलकाठीच्या बुंध्याशी, जिथे लाकडी कठड्याला ओळीने खुंट्या बसवलेल्या असतात आणि प्रत्येक खुंटीला दोराची गुंडाळी टांगलेली. शंभर तरी असतील, सगळ्या एकाच मापाच्या, एकाच दिशेने वळवलेल्या. या जहाजावर तीसेक किलोमीटर दोर आहे, आणि धक्क्याला बांधायचे दोर सोडले तर बाकी अजून नैसर्गिक धाग्याचे, नायलॉन नाही. बाबांनी एक गुंडाळी हातात घेतली होती. घेतली म्हणजे उचलून नाकाला लावली होती. हात लावू नका असा बोर्ड होता की नाही आठवत नाही, पण लावायचा नसतो एवढं आपल्याला कळतं, मी घाबरून पुढे झाले तोवर एक माणूस पोचला होता. पन्नाशीचा, बुटका, दाढी पांढरी, गळ्यात साखळीला शिट्टी. मला वाटलं आता बोलणार.

तो बाबांच्या शेजारी उभा राहिला आणि त्यानेही दुसरी गुंडाळी उचलून वास घेतला.

"ह्यो काथ्याचो नाय," बाबा मला म्हणाले, जणू मीच चौकशी केली होती. "विचार गो त्येका, कसलो?" मी विचारलं. मनिला, तो म्हणाला, मनिला, फिलिपिन्स. बाबांना मनिला कळलं, गोदीत मनिला दोर म्हणूनच यायचा. त्यांनी मान हलवली आणि आपल्या हाताने दाखवलं की आमचा काथ्याचा, नारळाचा, आणि तळवे उघडून दाखवले, म्हणजे तो हात फाडतो. त्या माणसाने आपले तळवे दाखवले. मग त्याने विचारलं कसलं जहाज, किती मोठं, आणि इथे माझं इंग्रजी संपलं, कारण गलबताला काय म्हणायचं, परबाणाला काय म्हणायचं, मला मराठीतच धड माहिती नाही. बाबांनी माझ्या हातातली छत्री घेतली.

छत्री बंद, उभी धरली, जराशी पुढे कललेली. ही डोलकाठी, गलबताची डोलकाठी पुढे झुकलेली असते. मग मुलाच्या पाठीवरच्या बॅगेतून पट्टी काढायला लावली, तीस सेंटिमीटरची, आणि ती छत्रीला तिरकी लावली. ही परबाण, म्हणजे ज्या लांब काठीला शीड बांधतात ती. आणि खिशातला रुमाल त्या पट्टीवर. झालं गलबत. तो माणूस "आ, लातिना! लातिना!" म्हणून ओरडला, आणि तिकडे कुणाला तरी हाक मारली, दोघं आले, मग ती जिन्यावरची मुलगी आली. इटलीच्या समुद्रातही जुन्या होड्यांना असंच तिरकं शीड असायचं हे मला नंतर कळलं, तेव्हा एवढंच दिसत होतं की माझ्या बापाच्या भोवती चार गणवेश उभे आहेत आणि तो मालवणीत बोलतोय.

बाबा दाखवत होते वारा बदलला की काय करायचं. यांच्या जहाजात शिडं आडव्या काठ्यांवर, दोर ओढले की काठ्या फिरतात. गलबतात तसं नाही, ती अख्खी परबाण डोलकाठीच्या एका बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला न्यायची, आणि ते करताना गलबताची पाठ वाऱ्याला द्यायची, तोंड नाही. "वाऱ्याक पाठ देवन फिरवचा लागता," आणि छत्री घेऊन स्वतः गोल फिरले, पट्टी उभी केली, पलीकडे नेली, रुमाल फडकवून पुन्हा लावला. शीड मोकळं सुटलं की ते माणसाला उचलून फेकतं, हे त्यांनी एका हाताने दाखवलं, मुठीतून काहीतरी उडून गेल्यासारखं. त्या दाढीवाल्याने हळू विचारलं, मॅन? बाबांनी दोन बोटं वर केली.

मला हे माहिती नव्हतं. दोन. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे.

मग तो दाढीवाला स्वतःच्या डोलकाठ्या दाखवायला लागला. मधल्या बुंध्यावर थाप मारून म्हणाला "माएस्त्रा". मागे बोट करून "मेत्झाना". आणि पुढच्या डोलकाठीकडे बोट करून "त्रिंकेत्तो".

बाबांनी एकदम त्याचा हात धरला. "काय? काय म्हटल्यान?"

"त्रिंकेत्तो."

"तिरकट!" बाबा म्हणाले. "गो, तो तिरकट म्हणता! पुढचा शीड, तिरकट!"

तो माणूस म्हणाला त्रिंकेत्तो, बाबा म्हणाले तिरकट, असं तीन-चार वेळा, दोघंही पुढच्या डोलकाठीकडे बोट करून, दोन लहान पोरांनी एकच खेळणं ओळखावं तसं. घरी येऊन शोधलं. तिरकट हा आपल्याकडच्या खलाशांच्या बोलीतला जुना शब्द, पोर्तुगीजांकडून आलेला, आणि पोर्तुगीज काय, इटालियन काय, चुलत भावंडंच. चारशे-पाचशे वर्षं तो शब्द आपल्या किनाऱ्यावर फिरतोय आणि मी पहिल्यांदा ऐकला तो एका इटालियन माणसामुळे. मागच्या डोलकाठीचं मात्र जमलं नाही, तो मेत्झाना म्हणाला, बाबा म्हणाले कलमी, दोघांनी एकमेकांकडे बघून खांदे उडवले.

मग सुरूच झालं. बाबांनी विचारलं दोर सोडायला काय म्हणता, म्हणजे विचारलं नाही, हाताने दाखवलं आणि "आरिया?" म्हणाले. गोदीत क्रेनवाल्याला माल खाली सोड म्हणायला आरिया म्हणायचे, वर उचल म्हणायला हबेस. आमच्या लहानपणी आम्हाला झोपाळ्यावरून उतरवताना बाबा आरिया आरिया म्हणायचे, आम्हाला वाटायचं गाण्यातला शब्द आहे. दाढीवाला हसायला लागला, त्याने दोन्ही हातांतून अदृश्य दोर हळूहळू सोडून दाखवला, बरोबर तसाच. हबेस त्याला माहिती नव्हतं. त्याचा हुद्दा विचारला तर म्हणाला "नोस्त्रोमो", म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुख्य, आणि बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "सारंग." मी त्याला सांगितलं इन इंडिया, सारंग. त्याने "सारांग" असं म्हणून बघितलं आणि त्याला ते आवडलं असावं, कारण त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवून पुन्हा म्हटलं.

या जहाजावर हुकूम अजून शिट्टीने देतात, ओरडून नाही, म्हणजे वाऱ्यात आवाज पोचत नाही पण शिट्टी पोचते. त्याने मुलाला वाजवून दाखवली, बारीक, वर जाणारी आणि एकदम खाली पडणारी. मुलाला वाजवायची होती, दिली नाही. बरोबर आहे. मुलाला टोपीही हवी होती, तीही मिळाली नाही.

गाठीचा प्रकार शेवटी झाला. नोस्त्रोमोने दोराचा एक मोकळा तुकडा आणला, बाबांच्या हातात दिला आणि भुवया उंचावल्या. बाबांनी दोर कमरेभोवती घेतला आणि एका हाताने, खरंच एका हाताने, मनगट आत वळवून बाहेर काढलं आणि फास तयार. न सरकणारा. कुणी पाण्यात पडला तर दुसरा हात कशाला तरी धरलेला असणार, म्हणून एकाच हाताने यायला हवी, असं ते मुलाला सांगत होते. ती मुलगी म्हणाली हिला आमच्याकडे "गासा द'अमान्ते" म्हणतात, म्हणजे प्रेमिकाचा फास, आणि लाजली नाही पण सगळे हसले. मग तिने स्वतः मारून दाखवली, ती बाबांपेक्षा जलद होती. बाबांनी ती ओढून बघितली, उलटी करून बघितली, आणि "बरी आसा" म्हणाले. हे त्यांचं सगळ्यात मोठं कौतुक, मला दहावीला मिळालेलं, नंतर नाही.

एवढ्यात गर्दी सांभाळणारा आला, स्लॉट संपला, पुढे चला. पन्नास मिनिटं कशी गेली कळलं नाही आणि आम्ही बाकी जहाज जवळजवळ पाहिलंच नव्हतं. नोस्त्रोमो त्याला काहीतरी म्हणाला आणि आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेला, तिथे सुकाणूची चार मोठी चाकं एकामागे एक, शिडावर चालताना आठ माणसं लागतात ती फिरवायला, प्रत्येक चाकाला दोन. इंजिनवर असताना एवढी गरज नाही. वर जहाजाचं बोधवाक्य लिहिलेलं असतं, ते त्याने समजावून सांगितलं, सुरुवात करणारा नव्हे, नेटाने टिकणारा, असं काहीसं. बाबांचं तिकडे लक्ष नव्हतं, ते खाली वाकून डेकच्या फळ्यांवर बोटाने टकटक करत होते. "साग," म्हणाले. "आपलो नाय पण. ब्रह्मी असात." ब्रह्मी म्हणजे ब्रह्मदेशचा. आणि मग फळ्यांच्या सांध्यांवर बोट फिरवत विचारलं की याला काय लावता, आम्ही मोरीचं तेल लावायचो. मोरी म्हणजे शार्क मासा. मी शार्क ऑइल म्हटलं तेव्हा त्याने नाक दाबून डोळे मिटले, म्हणजे त्याला त्या वासाची कल्पना होती. बाबा खो खो हसले.

निरोप घेताना दाढीवाल्याने बाबांना सलाम केला, कपाळाला हात लावून, कडक. बाबांना काय करायचं ते कळलं नाही. गलबतावर सलाम कोण करतं. त्यांनी आधी नमस्कारासाठी हात जोडले, मग एक हात सोडून कपाळाकडे नेला, मग छत्री कुठे ठेवू असं झालं, आणि शेवटी त्यांनी त्याच्या खांद्यावर दोनदा थोपटलं, जसं गोदीत शिफ्ट संपल्यावर थोपटत असतील. फोटो एकही नाही. एकही नाही म्हणजे मुलाने काढलेला एक आहे, त्यात छत्री आहे आणि कुणाचंही डोकं नाही.

उतरताना जिन्यावर बाबांनी माझा हात धरला. चढताना नको होता, उतरताना धरला. गुडघा दुखत होता म्हणाले.

लोकलमध्ये बसायला मिळालं, शनिवार होता. मला वाटलं आता बोलतील, मी मुद्दाम विचारलं, बाबा ते दोघं कोण. ते खिडकीतून बाहेर बघत होते. म्हणाले एक तांडेलाचा, म्हणजे गलबताच्या कप्तानाचा भाऊ, एक माझ्याच वयाचा होता. नावं सांगितली. कुठे झालं ते सांगितलं, विजयदुर्गच्या बाहेर, रात्री. मग मुलाने बुटाची लेस पुढे केली, ती एका हाताची गाठ शिकव म्हणून, आणि कुर्ल्यापासून डोंबिवलीपर्यंत तेच चाललं, समोरचे दोघं अनोळखी पण शिकायला लागले, एकाने तर आपल्या इअरफोनच्या वायरवर प्रॅक्टिस केली आणि तिचं जे व्हायचं ते झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर गॅलरीतली कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी काढून नव्याने बांधलेली, अशी ताणलेली की वाजवली तर सूर निघेल. गेल्या आठवड्यात पडदे धुतले तेव्हा ती सोडायची होती, माझ्याने सुटेना, नवऱ्याने पकड आणली. बाबा आतून ओरडले, कापू नको, ती सुटते. "सुटता ती. तुमका सोडूक येणा नाय." आले, एक बोट घातलं, ढकललं, सुटली. मी म्हटलं मला दाखवा ना कशी ते. तर म्हणाले आधी बांधायला शीक. रोज दुपारी चार वाजता क्लास आहे, मुलगा माझ्या पुढे आहे.